करार, रुमाल आणि फर्मान

माझे आजोबा जव्हार संस्थानच्या कचेरीत कारकून होते, आणि ज्या काळी ते कारकुनी करीत त्या काळी तेथले जुने कागद फायलींत नव्हे, तर रुमालांत राहत असत. रुमाल म्हणजे खिशात ठेवायचा नव्हे; तो जाड्याभरड्या कापडाचा, दोन-दोन हात लांबीरुंदीचा चौकोन, ज्यात एका सालाचे किंवा एका खात्याचे कागद रचून, वर त्यांची फेरिस्त ठेवून, समोरासमोरच्या टोकांच्या गाठी मारीत. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि कचेरीवरचे निशाण बदलले. परंतु आजोबांची रुमाल बांधण्याची सवय गेली नाही, आणि घरातल्या खंडाच्या पावत्या, जुनी पंचांगे व सोयरिकीची पत्रे ते अखेरपर्यंत तशीच बांधून माळ्यावर ठेवीत राहिले. ‘कागद गहाळ झाला तर एक कागद गेला, क्रम गहाळ झाला तर रुमाल गेला,’ असे ते म्हणत. लहानपणी मला हा कारकुनी विक्षिप्तपणा वाटे.

पुढे मोखाड्यास मास्तरकी करीत असताना डहाणूच्या बाजारात रद्दीच्या ढिगातून मराठी ‘पवित्र शास्त्रा’ची एक जीर्ण प्रत मी आणली आणि कादंबरी वाचावी तशी पहिल्या पानापासून वाचावयास घेतली. उत्पत्ती रंगली, निर्गमाचा पूर्वार्ध रंगला. लेवीय नावाच्या तिसऱ्या पुस्तकात मात्र बळीच्या चरबीचे नियम आणि कुष्ठाच्या चट्ट्यांची परीक्षा यांच्या चिखलात माझे गाडे असे रुतले की ग्रंथ मिटून बाजूला ठेवला. सुटीत घरी गेलो तेव्हा तो आजोबांच्या हाती लागला. त्यांनी मजकुरास हात लावला नाही, अनुक्रमणिकेचे पान काढले, चष्मा सावरून सहासष्ट नावे बोट ठेवून एकामागून एक वाचली आणि म्हणाले, ‘अरे, हा ग्रंथ नव्हे, हे दफ्तर आहे. दफ्तर कोणी पहिल्या कागदापासून वाचतो काय?’

ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या रचनेविषयी पुढे जे काही वाचले, त्यात या वाक्याइतके कामाचे मला क्वचित आढळले. ‘बायबल’ हा शब्दच मुळात ग्रीकमधला अनेकवचनी शब्द, ‘पुस्तके’ एवढाच त्याचा अर्थ; लॅटिनच्या उंबरठ्यावर तो एकवचनी झाला आणि जगाने पुस्तकांच्या त्या संचयास एक पुस्तक मानले. त्या दफ्तरात वंशावळी आहेत, खानेसुमारी आहे, राजांच्या बखरी आहेत, विवाहगीते आहेत, विलाप आहेत, खाजगी पत्रे आहेत, आणि हा सारा ऐवज सुमारे एक हजार वर्षांत, बहुतांशी हिब्रूत, थोडासा अरामीत व उत्तरार्ध सगळा ग्रीकमध्ये, एकमेकांस न पाहिलेल्या अनेक हातांनी लिहिलेला आहे.

या दफ्तराचे दोन मोठे गठ्ठे, आणि त्यांना मराठीने दिलेले नाव थेट आमच्या कचेरीतून उचललेले : जुना करार आणि नवा करार. उत्पत्ती, निर्गम, नीतिसूत्रे, प्रकटीकरण अशी शुद्ध संस्कृत वळणाची नावे आतल्या पुस्तकांना देणाऱ्या भाषांतरकारांनी दोन्ही गठ्ठ्यांवर मात्र अरबीतून फारसीमार्गे आलेला, स्टँपाच्या कागदाचा वास असलेला शब्द लावावा, हे प्रथम विचित्र वाटते. पण या शब्दाचा प्रवास पाहिला म्हणजे मराठीने नकळत मोठे शहाणपण केले असे माझे मत होते. मूळ हिब्रू शब्द ‘ब्रीथ’. देवाने आपल्या प्रजेशी केलेला बंधनकारक ठराव, असा त्याचा भाव. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी जो शब्द योजला त्याचा ग्रीक व्यवहारातला रोजचा अर्थ मृत्युपत्र असा होता. लॅटिनने तोच अर्थ धरला आणि युरोपातल्या अनेक भाषा अद्याप या दोन गठ्ठ्यांना मृत्युपत्राचेच नाव देतात. मराठीतला ‘करार’ त्या मानाने मूळ हिब्रूच्या अधिक जवळ जाऊन बसला. एक गंमत मात्र आहे : हिब्रूत करार ‘कापतात’ तेव्हा तो होतो, कारण जनावर दुभंगून त्या दोन खंडांच्या मधून जाण्याचा विधी त्यामागे होता, मराठीत करार तुटला म्हणजे वकिलाकडे धाव घ्यावी लागते. शिवाय करार म्हटला की दोन्ही पक्ष बरोबरीचे असावेत अशी आपली कल्पना, आणि येथे तर एक पक्ष सार्वभौम आहे. आजोबांना विचारले असते तर ‘याला सनद म्हण,’ असे ते म्हणाले असते. ‘नवा करार’ ही शब्दयोजनाही नव्या गठ्ठ्यात प्रथम जन्मलेली नव्हे. यिर्मया नावाच्या संदेष्ट्याच्या एकतिसाव्या अध्यायात नव्या कराराचे अभिवचन आहे. म्हणजे दुसऱ्या रुमालाचे नाव पहिल्या रुमालात लिहून ठेवलेले आहे.

आतल्या पुस्तकांची मराठी नावे हा एक स्वतंत्र आनंद आहे. हिब्रूत पहिली पाच पुस्तके त्यांच्या आरंभीच्या एखाद्या शब्दावरून ओळखतात, जसे आपण ईशावास्य आणि केन ही उपनिषदे ओळखतो. त्यामुळे ज्याला मराठीत ‘गणना’ म्हणतात ते हिब्रूत ‘रानात’ या अर्थाच्या शब्दाने चालते, आणि इस्राएली लोकांची शिरगणती हा त्याचा विषय की वाळवंटातली भटकंती, हे नावावरूनच दोन रीतींनी ठरते. पाचव्या पुस्तकाचे मराठी नाव ‘अनुवाद’. आजचा वाचक ते पाहून चमकतो. अनुवाद कशाचा, आणि मूळ कोठे? परंतु ज्याने हा शब्द योजला त्याच्या कानांत मीमांसकांची परिभाषा असली पाहिजे. विहित गोष्टीचे पुनःकथन तो अनुवाद, आणि मोशेने मरणापूर्वी नियमशास्त्राचे पुन्हा केलेले निरूपण हाच त्या पुस्तकाचा विषय. शब्द बरोबरच होता. काळाने त्याचा अर्थ पळविला. ‘शास्ते’ हे नावही असेच विचारपूर्वक घेतलेले, कारण त्यातले गिदोन व शमशोन हे निवाडे करीत कोर्टात बसणारे न्यायाधीश नव्हेत. संकटकाळी उभे राहून टोळ्यांना हाकणारे पुढारी होत. आणि दीडशे स्तोत्रांच्या संग्रहास ‘स्तोत्रसंहिता’ म्हणताना वेदांच्या संहितांचे स्मरण कोणाला झाले नसेल? ही संहिता म्हणजे रुमालाच्या पोटातला रुमाल. तिचे पाच भाग आहेत, प्रत्येक भागाच्या शेवटी देवाच्या स्तुतीची गाठ मारलेली आहे, आणि त्यातले एकशेएकोणिसावे स्तोत्र हिब्रूच्या बावीस अक्षरांवर, दर अक्षराला आठ वचने या हिशेबाने, एकशेशहात्तर वचनांचे बांधलेले आहे.

येथे क्रमाकडे वळले पाहिजे, कारण आजोबांच्या म्हणण्याचे मर्म तेथेच आहे. ख्रिस्ती मांडणीत जुन्या कराराची पाच नियमशास्त्रे, बारा इतिहास, पाच काव्ये आणि सतरा संदेष्टे अशी एकोणचाळीस पुस्तके होतात. यहुद्यांच्या पोथीत तोच मजकूर चोवीस पुस्तकांचा आहे. यात जादू काही नाही. शमुवेल, राजे आणि इतिहास ही तेथे एकेकच मोजतात, एज्रा व नहेम्या मिळून एक, आणि बारा लघुसंदेष्टे एका गुंडाळीवर मावतात म्हणून बाराही मिळून एक. हिब्रू लिपी स्वर टाकून लिहिते, ग्रीक स्वरांसह. म्हणून जे हिब्रूत एका गुंडाळीवर बसत होते त्याला ग्रीकमध्ये दोन लागल्या, आणि राजांचे पहिले पुस्तक व दुसरे पुस्तक ही भेदरेषा केवळ गुंडाळीच्या लांबीने आखली. गुंडाळ्या होत्या तोवर क्रम हा पेटीत त्या कशा उभ्या केल्या एवढ्याचाच प्रश्न होता. पाने शिवून ग्रंथ बांधावयाची पद्धत आली तेव्हा मात्र कोणाच्या पाठीस कोण, हे कायमचे ठरविणे भाग पडले.

आणि ते दोघांनी दोन प्रकारे ठरविले. यहुदी क्रम नियमशास्त्र, संदेष्टे आणि लेख असा तीन पेट्यांचा. ख्रिस्ती क्रमाने संदेष्ट्यांना उचलून शेवटी नेले. मलाखी या अखेरच्या संदेष्ट्याच्या अखेरच्या ओळींत, एलीया पुन्हा पाठविला जाईल अशी भविष्यवाणी आहे. पान उलटले की मत्तयाचे शुभवर्तमान लागते आणि थोड्याच पानांत एलीयाच्या वेषात वाळवंटात गर्जना करणारा योहान उभा राहतो. मजकुराचे एक अक्षर न बदलता, केवळ गठ्ठे सरकवून, वाट पाहणारा शेवट निर्माण केला गेला. यहुदी क्रम कोठे संपतो ते पुढे सांगेन.

नव्या कराराच्या सत्तावीस पुस्तकांचा क्रम पाहताना तर कारकुनाचा हात स्पष्ट दिसतो. कालानुक्रम म्हणावा तर नाही. पौलाची पत्रे शुभवर्तमानांच्या आधी लिहिली गेली असे बहुतेक विद्वान मानतात, पण ती शुभवर्तमानांनंतर येतात, कारण आधी चरित्र आणि मग पत्रव्यवहार अशी दफ्तराची रीत. लूकाने एकाच यजमानास उद्देशून दोन भाग लिहिले, शुभवर्तमान आणि प्रेषितांची कृत्ये. पण चार शुभवर्तमाने एकत्र ठेवण्याच्या आग्रहापायी मध्ये योहानाचे शुभवर्तमान येऊन बसले आणि एका लेखकाची दोन भावंडे ताटातूट होऊन राहिली. पौलाच्या पत्रांचे तर दोन ढीग केले : आधी मंडळ्यांना लिहिलेली नऊ, मग व्यक्तींना लिहिलेली चार, आणि प्रत्येक ढिगात साधारणपणे लांब पत्र वर, आखूड खाली. रोमकरांस पत्र पहिले आहे ते सर्वांत जुने म्हणून नव्हे, सर्वांत लांब म्हणून. फिलेमोनास लिहिलेले एका पानाचे पत्र तळाशी आहे ते आखूड म्हणून. लेखकाची खात्री नाही असे इब्री लोकांस पत्र ‘किरकोळ’ म्हणून नंतर बांधलेले.

आणि ते ‘रोमकरांस’! करिंथकर, गलतीकर, इफिसकर, फिलिप्पैकर. ज्या मराठी भाषांतरकाराने भूमध्य समुद्राकडच्या त्या रहिवाशांना आपला ‘कर’ हा प्रत्यय दिला, त्याने एका अक्षरयुग्माने त्यांना कोकणात आणून वसविले. जव्हारकर, पेणकर आणि करिंथकर एका पंगतीस बसले.

ही सत्तावीस नावे नेमकी हीच, अशी पहिली उपलब्ध यादी अलेक्झांड्रियाच्या अथनासियस नामक धर्माध्यक्षाने इ. स. ३६७ च्या पत्रात दिली आहे. त्या पत्राचे मुख्य काम त्या वर्षी पुनरुत्थानाचा सण कोणत्या तारखेस येतो हे कळविण्याचे होते. म्हणजे शास्त्राची फेरिस्त एका पंचांगपत्रातून आली.

अध्याय आणि वचने हा प्रकार तर फार उशिराचा. आपल्याकडे जमिनीला जसे सर्व्हे नंबर पडले, तसे हे झाले. नंबर पडण्यापूर्वी शेकडो वर्षे त्या वरकस जमिनीत नागली व वरई पिकतच होती. तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन या पंडिताने, जो पुढे कँटरबरीचा महाधर्माध्यक्ष झाला, आज रूढ असलेले अध्याय पाडले. १५५१ साली रोबेर एस्त्येन या मुद्रकाने नव्या करारात वचनांचे पोटहिस्से केले. हे काम त्याने पॅरिसहून लियोंला जाताना प्रवासात केले असे त्याच्याच मुलाने लिहून ठेवले आहे, आणि काही वचने भलत्याच ठिकाणी तुटतात त्याचा दोष थट्टेखोर लोक त्याच्या घोड्याच्या ठेचांना देतात. जव्हारच्या घाटातून एस. टी.त बसून ज्याने उत्तरपत्रिका तपासल्या आहेत तो या मुद्रकास क्षमा करील. लँग्टनची हद्दही पहिल्याच पानावर चुकली आहे : सृष्टीचे सहा दिवस पहिल्या अध्यायात संपतात आणि सातवा, विश्रांतीचा दिवस, ज्याच्यासाठी सारी रचना होती, तो दुसऱ्या अध्यायाच्या कुंपणात पडतो. तरीही योहान ३:१६ असे म्हटले की कोणत्याही भाषेत, कोणत्याही आवृत्तीत माणूस त्याच बांधावर जाऊन उभा राहतो. एकंदर अध्याय ११८९. त्यांपैकी जुन्यात ९२९ आणि नव्यात २६०.

हा आकडा सहासष्ट पुस्तकांचा. पण आमच्या पालघर जिल्ह्यातच, जो २०१४ साली ठाण्यातून वेगळा निघाला, सर्वांची मोजणी एक नाही. वसईच्या कॅथलिक घरांत शास्त्राची पुस्तके त्र्याहत्तर. डहाणूकडे अमेरिकन ब्रदरेन मिशनच्या परंपरेतल्या घरांत सहासष्ट. वाढीव सात पुस्तके, तोबीत, यहूदीथ, शलमोनाचे ज्ञान, बेनसिरा, बारूख आणि मक्काबींची दोन, ही ग्रीक भाषांतराच्या पेटीत होती, यहुद्यांच्या हिब्रू पेटीत नव्हती. मार्टिन ल्यूथरने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात ती दोन करारांच्या मध्ये वेगळी काढून ठेवली. त्याच साली गुजरातच्या सुलतानाने तहान्वये वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, आणि ज्या पक्षाबरोबर वसईचा ख्रिस्ती धर्म आला त्या पक्षाने १५४६ साली ट्रेंटच्या परिषदेत ती पुस्तके शास्त्रात पक्की केली. १८२६ साली लंडनच्या बायबल सोसायटीने ती न छापण्याचे ठरविले, आणि सोसायटीच्या मराठी प्रतींतही सहासष्टच राहिली. वसईच्या नंदाखाल गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले तेव्हा साध्या, आजच्या मराठीत वसईकरांचा वाटा त्यांच्या पदरी पडला; हेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले.

मराठी प्रतींचा इतिहास येथे विस्ताराने सांगत नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीने, वैजनाथशर्मा या नागपूरकडील पंडिताच्या साहाय्याने, १८११ मध्ये नवा करार काढला. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांचा १८२६ मध्ये निघाला, आणि संपूर्ण शास्त्र १८४७ साली एकत्र झाले. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू-ग्रीक शिकून एकटीने जे संपूर्ण भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणारे हात तेथल्या स्त्रियांचेच होते, हे मला त्या भाषांतराइतकेच थोर वाटते.

मात्र या सर्वांच्या दोनशे वर्षे आधी गोव्यातल्या साष्टीत बसून एका इंग्रज जेझुइटाने हे दफ्तरच मोडून पुन्हा बांधले होते. फादर थॉमस स्टीफन्स याने १६१६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त करार हा शब्दच बाजूला ठेवला, पैलें पुराण आणि दुसरें पुराण असे दोन भाग केले, पहिल्याचे छत्तीस अवस्वर, दुसऱ्याचे एकोणसाठ, आणि सगळा प्रपंच सुमारे अकरा हजार ओव्यांत ओवला. चार शुभवर्तमानांतला भेद त्याने एका चरित्रात मुरवून टाकला. पुढे नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले आणि त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले, तेही याच वाटेने. ही वाट जुनी आहे. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या सिरियन लेखकाने चारांचे एक केलेच होते, आणि काही मंडळ्यांत ते दीर्घकाळ वाचलेही जाई. परंतु शेवटी चर्चने चारही साक्षी, त्यांच्या विसंगतींसह, स्वतंत्र ठेवल्या. साक्षीदारांचे जबाब एकत्र करून लिहू नयेत, हे कोणत्याही मामलेदारास ठाऊक असते. मला स्टीफन्सची ओवी प्रिय आहे, पण या बाबतीत मी चर्चच्या बाजूचा.

आमच्या डोंगरात क्रमाचे महत्त्व निराळ्या रीतीने कळते. मोखाड्याच्या बोहाड्यात रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात आणि संबळाच्या तालावर देवदानवांची सोंगे निघतात. गणपती आणि शारदा आधी, मग इतर, आणि कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे हेही पिढीजात ठरलेले. त्याची लेखी फेरिस्त नसते, तरी एखादे सोंग पुढेमागे झाले तर पारावरचे म्हातारे लगेच ओरडतात. वारली लग्नात चौकापुढे गाणारी धवलेरी अशीच. तिच्या गाण्यांना अध्याय नाहीत, वचनांचे आकडे नाहीत, पण कशामागून काय ते ती चुकत नाही. बायबलातली बरीच पुस्तके गुंडाळीवर येण्यापूर्वी अशाच कोणा मुखात होती.

आता यहुदी क्रमाचा शेवट. छापील हिब्रू पोथी मलाखीपाशी संपत नाही. ती इतिहासाच्या पुस्तकापाशी संपते, आणि त्याच्या शेवटी इराणचा राजा कोरेश, आपण ज्याला सायरस म्हणतो, बाबिलोनमधल्या बंदिवान यहुद्यांना मायदेशी परतण्याची मोकळीक देतो. शेवटच्या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘त्याने वर चढून जावे’ असा आहे. म्हणजे ख्रिस्ती जुना करार भविष्यवाणीवर संपतो, आणि यहुदी शास्त्र एका फर्मानावर. फर्मान हा शब्द येथे मी सहज वापरीत नाही. कोरेशानंतरच्या दारयवहूच्या शिलालेखांत ‘फ्रमाना’ असा तो प्राचीन फारसी रूपात कोरलेला आहे, आणि इ. स. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने जव्हारच्या नेमशहास मान्यता दिली, त्या दिवसापासून संस्थानच्या कागदांत शक मोजीत असे गॅझेटियर सांगते, त्या मान्यतापत्रासही आमच्या घरी फर्मान हाच शब्द होता.

ही हिब्रू पोथी त्या क्रमाने उघडणारे मराठी लोक कुलाब्याकाठी होते. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शनवार तेली म्हणवलेले बेने इस्राएल. आडनावे रोहेकर, पेणकर, अष्टमकर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी योसेफ आणि दावीद यांची आख्याने लावून मराठी कीर्तने केली. ज्या १९४८ साली आजोबांची कचेरी विलीन झाली त्याच साली इस्राएल राष्ट्र उभे राहिले, आणि पुढच्या काही दशकांत पेण-अलिबागची ती घरे एकेक करून तिकडे चढून गेली. तेथून त्यांनी मराठी नियतकालिक काढले, त्याचे नाव ‘मायबोली’.

रद्दीतले ते ‘पवित्र शास्त्र’ आजोबांनी मला परत दिले तेव्हा त्याची पाठ सुटली होती. त्यांनी ते एका जुन्या रुमालात बांधून दिले, आणि वर एक चिठ्ठी ठेवली : नग ६६.